पातळ दही

"अक्का, दूध उकळून निवू दे. बोट बुडवलं तर ना गरम ना गार, असं झालं की लाव. आणि हे नीट ऐक. यात दुसरं दही मिसळायचं नाही. पातळ लागेल, तार सुटेल, दाजी नाक मुरडतील. तरी मिसळायचं नाही."

दूध निवायला ठेवलं की अंबिकाचं हे बोलणं अजून माझ्या कानात येतं. अंबिका माझी धाकटी बहीण. आमच्या माहेरात पहिली डॉक्टर झाली ती, पण नाडी बघणारी नव्हे, जिवाणूंची. एका लहानशा दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. त्या सकाळी ती मांडीवर थर्मास धरून एसटीनं मिरजेला आली आणि चपला काढायच्या आधी थर्मास माझ्या हातात दिला. माझी पूजा व्हायची होती. पूजेआधी मी बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तीच बोलत राहिली. मी कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसेपर्यंत तिनं सगळं सांगून संपवलं होतं.

ह्यांची मूत्रपिंडं तेव्हा थकत आली होती. कृष्णाकाठच्या गावांत त्या वर्षांत हे दुखणं घरोघर शिरलं. कुणी म्हणे उन्हाळे वाढले म्हणून, कुणी म्हणे पाण्यात औषधं उतरली म्हणून. कारण काही असो, दवाखान्यांतली रक्त शुद्ध करणारी यंत्रं दिवसभर थांबत नव्हती. हे दिवसाआड तिथं जाऊन पडायचे आणि घरी यायचे ते पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखे.

पूजा झाल्यावर अंबिकानं मला पुन्हा समजावलं. मला समजलं तसं सांगते. आपण खातो त्याचा मळ रक्तात साठतो. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकतं. ते थकलं की मळ रक्तातच राहतो, आणि त्यातला थोडा थोडा आतड्यातही उतरतो. "तिथंच आपण माणूस बसवायचा," ती म्हणाली. दह्यातल्या एका जिवाणूत तिनं मातीतल्या जिवाणूंची काही जनुकं घातली होती. तो आतड्यात उतरलेला मळ खायचा आणि त्याचंच आपलं अंग करायचा. तिथला मळ कमी झाला की रक्तातून आणखी उतरायचा, तोही हा खायचा. ज्याचं मूत्रपिंड अगदीच बंद पडलं त्याला उपयोग नाही. पण थोडं चालू असेल, तर पथ्य सांभाळून वाटीभर दह्यावर माणूस यंत्राशिवाय राहू शकतो.

"मग पातळ का गं?"

"त्याच्या डोक्यावर ओझं आहे, अक्का. दुसरं काम लावल्यावर दूध घट्ट करायला सवड कुठली? साधं विरजण मिसळलंस तर ते रिकाम्या हातानं पळणार आणि याला मागं टाकणार. थोड्या विरजणांत हा संपलाच. दही मात्र झक्क दिसेल."

ह्यांनी पहिली वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "अंबिका, याला दही म्हणायचं असेल तर माझ्या सायकलला विमान म्हण."

"खा मुकाट्यानं. त्याचं पेटंट घेतोय आम्ही."

पेटंट हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. हे लेथवर काम करून निवृत्त झालेले, आणि हात स्वस्थ नाहीत. दूध उतू जायच्या आधी शिट्टी वाजवणारं एक झाकण त्यांनी केलं होतं. ते दूध उतू गेल्यावर शिट्टी वाजवायचं. अंबिकाचं आणि ह्यांचं जमायचं ते यावरूनच. जगातली चमत्कारिक पेटंटं हुडकून ती ह्यांना वाचून दाखवायची. कोंबड्यांनी एकमेकींचे डोळे फोडू नयेत म्हणून चष्मा. समोरून ओळखीचं कुणी आलं की आपोआप उचलली जाणारी टोपी. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

"हसण्यासारखं आहे, पण वेडेपणा नाही, दाजी," ती म्हणायची. "पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुमची युक्ती जगापुढं उघडी करून लिहायची, काही लपवायचं नाही. बदल्यात वीस वर्षं ती तुमच्याशिवाय कुणी वापरायची नाही. नाहीतर जो तो आपली विद्या उराशी धरून मरून जाईल."

"म्हणजे कोंबडीचा चष्मा आता मी केला तर चालेल?"

"खुशाल करा. मुदत कधीच संपली."

"बरं झालं. शेजारच्या कोंबड्यांची नजर वाईटच आहे."

पेटंट मिळालं तेव्हा अंबिका पेढे घेऊन आली. शोध लावणारी म्हणून तिचं नाव होतं, मालक म्हणून डेअरीचं. नोकरीला लागतानाच तशी सही असते म्हणे. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर पिशव्यांतून घरोघर जाणारं दही दिसत होतं.

तोवर ह्यांचं दवाखान्यात जाणं दिवसाआडवरून आठवड्यावर, मग नुसत्या तपासणीवर आलं. तोंडाची लोखंडासारखी चव गेली. अंगाची खाज गेली. एका सोमवारी, माझा उपास असताना, ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मला म्हणाले, "तुझी पण मीच खाल्ली." मी त्या दिवशी देवापुढं बराच वेळ बसले. मागायचं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी ती डेअरी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. अंबिका पुन्हा आली, तेव्हा हातात काही नव्हतं.

"आता दही काढणार नाहीत?" मी विचारलं.

"काढतील म्हणतात. पण आधी त्याला पांगळं करणार. त्यांची पुडी घातल्याशिवाय जगणार नाही असं. ते जमेपर्यंत कपाटात."

"आहे ते चांगलं असताना?"

"अक्का, जे दही शेजारणीला वाटीत घालून देता येतं, ते विकायचं कसं?" मग हळूच म्हणाली, "आणि दवाखान्यातली यंत्रंही त्यांचीच आहेत."

हे ऐकत होते. म्हणाले, "तू तर म्हणायचीस, विद्या मरू नये म्हणून पेटंट."

"मेली कुठं? सगळं छापलंय, दाजी. कुठलं जनुक, कुठं जोडायचं, किती ऊब. जगात कुणीही वाचू शकतो." ती हसायला गेली पण हसली नाही. "करू मात्र शकत नाही."

तिनं साऱ्या नळ्या परत केल्या, जिवाणू जवळ ठेवणार नाही अशी सही दिली, आणि धारवाडच्या एका कॉलेजात शिकवायला निघून गेली. उरलं ते माझ्या ओट्यावरचं भांडं. कायद्यानं तेही उरायला नको होतं. मी रोज त्याला दूध दिलं. देवाला दिवा, तुळशीला पाणी, आणि याला दूध.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रुबिना मुल्ला भेटायची. तिचा नवरा तंबोऱ्याचे भोपळे कोरतो. त्यांची मुलगी सानिया, फार्मसीला शिकणारी, ह्यांच्या शेजारच्या खाटेवर असायची. शहाणी पोर, जिभेला धार. ह्यांच्या शिट्टीच्या झाकणाची गोष्ट ऐकून म्हणाली होती, "काका, त्याचं पेटंट घ्या. 'बातमी उशिरा देणारं यंत्र'."

ह्यांचं यंत्रावर पडणं थांबून वर्ष होत आलं, तेव्हा एका तपासणीच्या दिवशी रुबिनानं मला गाठलं. "अक्का, खरं सांगा. भाऊंना काय देताय?"

खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं असताना ती स्टीलचा डबा घेऊन दारात उभी. विरजणाचं आमच्यात असं आहे की दिवेलागणीनंतर देऊ नये, आणि दिवसा कुणी मागितलं तर नाही म्हणू नये. मी दिलं. अंबिकानं सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर तिला सांगितलं. दूध कसं निववायचं, आणि दुसरं दही मिसळायचं नाही. तिच्याकडून ऐकून चन्नम्मा हिरेमठ आली, तिच्याही घरी हेच दुखणं. मग कदमांची सून. त्यांनाही तेच सांगितलं, तितकंच बजावून.

फोनवर अंबिकाला कळवलं तेव्हा तिनं कुणाकुणाला दिलं ते एकेक नाव विचारून घेतलं. वाटलं, रागावली.

"माझ्या सहीचं मी बघेन," शेवटी म्हणाली. "एका परीनं बरंच झालं. तुझं भांडं कधी नासलं तर त्यांच्याकडून परत आणता येईल. घरच्या फ्रीजरवर माझा विश्वास नाही. शेजारावर आहे."

सानिया त्या पावसाळ्यात पुन्हा कॉलेजला जायला लागली. कधी येता-जाता घरी डोकवायची, ह्यांच्याशी भांडून जायची.

एकदा कंपनीचा माणूस आला. तरुण होता, सभ्य होता, चपला बाहेर काढून आत आला. चहा घेतला. मग ओट्याकडं बघत म्हणाला, "काका, हे असं घरात लावणं म्हणजे कायद्यानं उत्पादन होतं. प्रत्येक विरजण म्हणजे नवा माल."

"म्हणजे आमचा ओटा कारखाना?"

"तसंच."

"मग या मालकीणबाई. माझा बोनस कधीचा थकवलाय, ते विचारा जरा."

तो हसला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तुमच्या घरापुरतं कुणी बघत नाही. पण वाटत जाऊ नका. वाटलं की वकिलांना दिसतं." मी म्हटलं, दारात आलेल्याला मी नाही म्हणत नाही. तो चपला घालता घालता म्हणाला, "माझी आजी पण अशीच होती." त्यानंतर कुणी आलं नाही.

मग ती सकाळ आली. पूजा आटोपून मी भांड्यावरचं झाकण काढलं, तर आत दूध होतं. रात्री लावलं तसं, दूधच. चमचा फिरवला. तळाशी थोडं पाणी सुटलं होतं, एवढंच.

दुधाच्या धंद्यात हे जुनं दुखणं आहे, असं अंबिकानं मागं सांगितलं होतं. जिवाणूंनाही विषाणू लागतो. हवेतून येतो, बोटांवरून येतो, आणि एका रात्रीत भांडंच्या भांडं मारतो. माणसाला त्याचं काही होत नाही. तिनं दिलेल्या कागदी पट्ट्या डब्यात होत्या. तिचा जिवाणू जिवंत असेल तर पट्टी निळी होते. मी बुडवली. पांढरीच राहिली. अडीअडचणीला याच दह्याची एक कुपी फ्रीजरमध्ये ठेवली होती, ती काढून पाहिली. तीही पांढरी.

मी घाबरले नाही. ह्यांना म्हटलं, "रुबिनाकडून घेऊन येते." पट्ट्यांचा डबा पिशवीत टाकला, कारण घेण्याआधी बघून घ्यावं, इतकंच मनात होतं.

रुबिनानं मला बघून पाट टाकला. मी सांगायच्या आधी तीच आतून भांडं घेऊन आली, आणि माझ्यासमोर आडवं केलं. दही जागचं हललं नाही.

"बघा अक्का. सुरीनं कापा. तुमचं ते पातळ पाणी सानिया आधी नाक दाबून घ्यायची, मग मग तोंडात धरेना. ओकायची. मग मी काय केलं, अम्मीच्या घरचं जरासं घातलं, इतकुसं. आता वाटी चाटूनपुसून खाते."

माझ्या हातातली पट्टी मी त्या दह्यात बुडवली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो. बाहेर तिचा नवरा एक तार पिळून पुन्हा पुन्हा वाजवून बघत होता.

"काय बघता?" तिनं विचारलं.

"निळी व्हायला पाहिजे."

"मग?"

मी पट्टी तिच्यापुढं धरली. पांढरीच होती.

"कधी मिसळलंस, रुबिना?"

"झाला की आता महिना-दीड महिना." तिचा आवाज उतरला. "काय चुकलं का?"

"मी सांगितलं होतं ना गं, दुसरं मिसळू नको म्हणून."

"सांगितलं होतं." ती माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिली. "पण मला वाटलं, ते तुमच्या नेमाचं असेल. सोवळ्याचं. तुम्ही सोमवारी खात नाही, पूजेआधी बोलत नाही, तसलं काहीतरी. आमच्यात कुठं असतं ते."

चन्नम्माकडं गेले. ती तर आमच्यातलीच, विभूती लावणारी. तिचंही दही घट्ट. तिनं पट्टीकडं बघून तोंडावर पदर धरला. "अगं महानंदा, तुझं सगळंच नेमाचं असतं. म्हटलं, हाही तुझाच एक नेम. एवढा कडक आपल्याला कुठला झेपतोय." शेवटी कदमांच्या सुनेकडं. तिनं नुसतं भांडं पुढं केलं. वरती सायीचा जाड थर होता.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दही पातळ लागलं की बाई शेजारचं चांगलं विरजण आणते, हे आम्हा सगळ्यांना आयांनी शिकवलेलं. त्या शिकवणुकीनंच ते गेलं.

अंबिका दुसऱ्या दिवशी धारवाडहून आली. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं राहिलेल्या पट्ट्या शेजारणींकडून आणवलेल्या एकेका भांड्यात बुडवल्या. सगळ्या पांढऱ्या राहिल्या तेव्हा तिनं त्या गोळा करून उगाच घडी घातली.

"पुन्हा कर की," हे म्हणाले. "तुझ्या डोक्यात आहे ना सगळं."

"डोक्यात आहे, दाजी. गेल्या वर्षीच करून बघितलं, तुम्हाला सांगितलं नाही." ती खाली बघून बोलत होती. "आता जनुकं हातानं जोडत नाही कुणी. छापायचं यंत्र असतं. अक्षरं घातली की जनुक तयार. आमच्या कॉलेजातही आहे. पण ते यंत्र छापायच्या आधी पेटंटच्या नोंदींत बघतं. कुणाच्या मालकीचं निघालं की थांबतं. मी माझंच लिहिलेलं घातलं. थांबलं. पडद्यावर मालकाची परवानगी मागितली."

"खाली शोध लावणारीचं नाव असेल ना?" ह्यांनी विचारलं.

"होतं. माझंच."



"मग जगात कुठंच राहिलं नाही?" मी विचारलं.

"राहिलंय ना. पेटंट घेताना जिवाणूचा नमुना सरकारमान्य साठ्यात ठेवावा लागतो. तिथं आहे, कडक थंडीत, ठणठणीत. मुदत संपेपर्यंत अभ्यासाला मिळेल, तेही प्रयोगशाळेला. खायला नाही." मग तिनं अर्जाचं सांगितलं. लोकांना जरुरीचा शोध मालकानं बाजारात आणलाच नाही, तर दुसऱ्या कुणाला तो करायची परवानगी मागता येते, कायदा तसा आहे. तिनं धारवाडच्या एका वकिलाला धरून अर्ज केला होता. कंपनीनं उत्तर दिलं होतं की माल बाजारात आहे. एका मोठ्या शहरातल्या एका दुकानात तो होता खरा. तारखेमागून तारीख पडत होती.

"पुढची कधी?"

"दिवाळीनंतर."

ह्यांनी स्वतःच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, आणि तसाच राहिला. "दिवाळी यंदा उशिरा आहे," म्हणाले.

दवाखान्यात यंत्रांवर जागा नव्हती. आम्ही सोडलेल्या खाटा कधीच भरल्या होत्या. मी त्याच दिवशी ह्यांचं नाव लावून आले. रुबिनाला म्हटलं, तूही लाव. ती म्हणाली, "कागदावरचा रंग खरा, का माझी पोर खरी? कॉलेजात जाते, जिना चढते." तिला दोष कसा देऊ. सात-आठ दिवस ती तेच घट्ट दही पोरीला देत राहिली. मग एका सकाळी सानियाचे डोळे सुजून बंद झाले, तेव्हा धावत जाऊन तिनं नाव लावलं. ह्यांच्या पाठोपाठचंच.

गावात दुसरीकडं, सांगलीत, कोल्हापुरात विचारून झालं. सगळीकडं रांगा. अडल्या वेळी कुणी एखादी पाळी द्यायचं, तेवढ्यावर दिवस निघत होते. ह्यांना पुन्हा लोखंडाची चव यायला लागली. भाकरी पुढं आली की तोंड फिरवायचे. आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून खुर्चीतच बसून असायचे. मी उशाशी बसून पोथी वाचायचे. कधी म्हणायचे वाच, कधी म्हणायचे नुसती बस.

सानिया एकदा बघायला आली. आमच्या दाराला तीनच पायऱ्या, पण ती मधल्या पायरीवर थांबली. आत येऊन ह्यांच्यासमोर बसली. दोघंही श्वास गोळा करत होते.

"काका, तुमचा नंबर कितवा?"

"पहिला. तुझा?"

"तुमच्या मागं. बोर्डाच्या परीक्षेत पण कुणीतरी असंच पुढं असायचं माझ्या."

"कोण होती?"

"मुलगा होता. नाव विसरले." मग हळूच म्हणाली, "अम्मी रोज रडते. माझ्या हातानं केलं म्हणते. तुम्ही सांगा ना तिला काहीतरी. या मावशीचं ऐकत नाही, ही दिसली की जास्तच रडते."

हे म्हणाले, "सांगतो." ती गेल्यावर बराच वेळ दाराकडं बघत बसले.

परवा सकाळी फोन आला. पूजा व्हायची होती, म्हणून ह्यांनीच घेतला. मला पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. दवाखान्यातला मुलगा होता. एक जागा रिकामी झालीय, कायमची, दिवसाआडची. आवटी काकांचा, म्हणजे ह्यांचाच, नंबर आहे. दुपारी बारापर्यंत आणा, नाहीतर नियमानं पुढच्याला द्यावी लागेल. जागा रिकामी झाली म्हणजे काय झालं, ते तिथं कुणी विचारत नाही.

मी तळहातावर लिंग घेऊन बसले. मन लागत नव्हतं तरी पूजा पुरी केली. उठले, आणि ह्यांची स्वच्छ बंडी काढायला कपाटाकडं गेले.

"नंदा, बंडी राहू दे. इथं ये."

मी त्यांच्या खुर्चीपाशी बसले.

"पूजा होईपर्यंत थांबलो. हातात लिंग असताना शब्द मागितला असता तर ते तुला अडकवणं झालं असतं. आता साधाच मागतो. मी जाणार नाही. तू मुल्लांकडं जा, आणि त्यांना सांग, बाराच्या आत पोरीला घेऊन पोचा."

"असलं मी ऐकणार नाही."

"ऐकलंस तू." ते श्वास घेण्यासाठी थांबले. "माझ्या मागं तीच आहे. दुसरं कुणी असतं तर मी कदाचित गेलो असतो. मी काही संत नाही."

"तिलाही मिळेल. आज ना उद्या."

"उद्यापर्यंत ती निघेल का? तिचं तोंड बघितलंस ना तू."

मी म्हटलं, अंबिकाची तारीख आहे, दिवाळीनंतर का होईना. म्हटलं, सांगलीला पुन्हा विचारू. म्हटलं, मी एकटी काय करू. हे सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग माझ्या हातावर हात ठेवला. तो सुजून गुळगुळीत झाला होता, लेथवरचे घट्टे कुठं गेले कळेना.

"भांडून झालं? आता शब्द दे. दुसऱ्या कुणाकडून घेतला असता तर नंतर मोडेल का, याची काळजी करत बसलो असतो. तुझ्याकडून घेतला की मला झोप लागेल."

"आणि तिनं विचारलं तर? काकांचं काय म्हणाली तर?"

"खोटं बोल म्हणत नाही मी. म्हण, जागा रिकामी झाली, नंबर तुझा आला. यातलं खोटं कुठलं? रुबिनालाही एवढंच. त्या बाईच्या डोक्यावर आणखी काही ठेवू नकोस."

ओट्यावर दूध निवलं होतं. मी उठून त्यावर जाळी ठेवली. परत आले तेव्हा ते डोळे मिटून होते, पण हात तसाच पुढं केलेला होता.

मी त्यावर माझा हात ठेवला.

"जा आता. ऊन वाढायच्या आत."

त्यांच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला. त्यांना परवानगी होती तेवढंच, दोन घोट. पंखा थोडा कमी केला. पदर सारखा करून चपला घातल्या, आणि त्यांना उठावं लागू नये म्हणून दार नुसतं लोटून घेऊन, भोपळे कोरणाऱ्यांच्या गल्लीकडं निघाले.